मुंगी बदलली आणि सिंहाचं भक्ष्य बदललं

केनियातल्या लैकिपिया पठारावर ओल पेजेटा नावाचं अभयारण्य आहे. तिथले सिंह पूर्वी प्रामुख्याने झेब्रे मारायचे. २००३ साली त्यांच्या शिकारीत झेब्र्यांचं प्रमाण ६७ टक्के होतं आणि रानम्हशीची शिकार झाल्याची नोंदच नव्हती. २०२० सालापर्यंत झेब्रे ४२ टक्क्यांवर उतरले आणि रानम्हशी शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेल्या. रानम्हैस मारणं सिंहासाठीसुद्धा जिवावरचं काम असतं. ती झेब्र्यापेक्षा कितीतरी वजनदार, शिंगं उगारून उलटणारी, आणि तिला पाडायचं तर कळपातल्या अनेकांनी एकत्र यावं लागतं. सोपी शिकार सोडून सिंह या भानगडीत का पडले, याचं उत्तर शोधत गेल्यावर ते एका मुंगीपाशी सापडलं.

या पठाराच्या काळ्या मातीत जिथे पाहावं तिथे एकाच जातीची बाभूळ आहे. तिच्या काट्यांच्या बुडाशी फुगीर, पोकळ गाठी येतात. या गाठींना मुंग्या भोकं पाडतात. त्यातून वारा गेला की शीळ घातल्यासारखा आवाज येतो, म्हणून तिला शीळ घालणारी बाभूळ असंच नाव पडलं आहे. स्थानिक मुंग्या या गाठींमध्ये राहतात, पानांच्या देठांवरच्या ग्रंथींमधून पाझरणारा गोड रस पितात आणि बदल्यात झाडाची राखण करतात. हत्तीने फांदीला सोंड लावली की मुंग्यांची झुंड सोंडेच्या आत शिरून चावत सुटते. हत्तीची कातडी जाड असली तरी सोंडेचं आतलं अस्तर नाजूक असतं. काही मिलिग्रॅम वजनाचा जीव काही टनांच्या जनावराला परतवून लावतो, आणि असं एखाद्या झाडावर नव्हे, अख्ख्या पठारावर चालू असतं.

मग तिथे मोठ्या डोक्याची मुंगी पोचली. माणसांच्या सामानसुमानाबरोबर जगभर पसरलेली ही जात. ती स्थानिक मुंग्यांच्या वारुळांवर धाड घालते, अंडी-अळ्या फस्त करते, प्रौढ मुंग्यांनाही मारून टाकते. बाभळीशी मात्र तिला काही देणंघेणं नाही, त्यामुळे राखणदार गेले आणि नवे कुणी आले नाहीत. हत्तींना रान मोकळं झालं. जिथे ही मुंगी पसरली तिथे हत्तींनी झाडं मोडण्याचा वेग पाच ते सात पटींनी वाढला. झाडी विरळ झाली, नजर लांबवर पोचू लागली. सिंह काही लांब पल्ल्याचा धावपटू नाही. तो झुडपाआड दबा धरतो, अगदी जवळ येतो आणि मग झेप घेतो. आडोसाच उरला नाही तेव्हा झेब्र्यांना तो आधीच दिसू लागला, आणि सिंहांना रानम्हशींकडे वळावं लागलं.

डग्लस कमारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला एकेक दुवा वेगळा तपासला. मोडलेली झाडं मोजली, किती लांबवर दिसतं ते मोजलं, सिंहिणींच्या गळ्यात माग काढणारे पट्टे घातले, कोणती शिकार कुठे झाली याच्या नोंदी केल्या. हा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण जैवविविधतेकडे बघण्याची आपली नेहमीची पद्धत इथे तोकडी पडते. त्या अभयारण्यातल्या मोठ्या जीवांची यादी केली तर सगळे जागच्या जागी आहेत: सिंह आहेत, झेब्रे आहेत, हत्ती आहेत, बाभळी आहेत. सिंहांची संख्यासुद्धा घटलेली नाही. एकूण यादीत तर एक मुंगी वाढली आहे. आणि तरीही त्या जागेचा कारभार आतून बदलून गेला आहे.

जैवविविधता म्हटलं की आपल्यासमोर आकडे येतात. अमुक इतके पक्षी, तमुक इतक्या वनस्पती. पाठ्यपुस्तकं त्यापुढे जाऊन तीन पातळ्या सांगतात: एकाच जातीतली जनुकांची विविधता, जातींची विविधता आणि परिसंस्थांची विविधता. हे सगळं बरोबरच आहे. पण परिसंस्था चालते ती या जातींमधल्या देवाणघेवाणीवर आणि झटापटीवर, आणि यादीत नेमकं तेच दिसत नाही. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७४ सालीच याकडे लक्ष वेधलं होतं. जाती नष्ट झालेल्या आपल्याला कळतात, पण त्यांच्यामधले संबंध नष्ट होतात ते नजरेतून सुटतं, असं त्याचं म्हणणं होतं. एखादी जात शिल्लक असूनही इतकी तुरळक होऊ शकते की तिचं काम बंद पडलेलं असतं.

या संबंधांचे प्रकार शाळेत शिकलेले असतात. एकाने दुसऱ्याला खाणं, दोघांनी एकाच गोष्टीसाठी भांडणं, एकाने दुसऱ्याच्या जिवावर जगणं, दोघांनी एकमेकांच्या उपयोगी पडणं. वर्गीकरण सोयीचं आहे, पण हे संबंध कायमचे ठरलेले नसतात, परिस्थितीप्रमाणे कूस बदलतात. लैकिपियातच १९९५ पासून एक प्रयोग चालू आहे. जमिनीचे काही तुकडे विजेच्या कुंपणाने बंद करून हत्ती, जिराफ वगैरे मोठे शाकाहारी प्राणी बाहेर ठेवले. दहा वर्षांनी पाहिलं तर आतल्या बाभळींनी मुंग्यांवरचा खर्च कमी केला होता. रसाच्या ग्रंथी कमी, पोकळ गाठी कमी. खाणाराच नसेल तर पहारेकरी कशाला पोसायचे? मग राखणदार मुंग्यांचं बळ घटलं आणि त्यांच्या जागी दुसरी मुंगी आली, जी गाठींत राहत नाही. ती राहते खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी केलेल्या पोकळ्यांत, आणि त्यामुळे त्या भुंगेऱ्यांना आडकाठी होत नाही. शेवटी, ज्या बाभळींना हत्तींपासून पूर्ण संरक्षण दिलं होतं त्याच जास्त हळू वाढल्या आणि जास्त मेल्या. शत्रू हटवल्यावर मैत्री तुटली आणि झाडाचं नुकसान झालं. टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे मांडलं तेव्हा 'हत्ती झाडांना वाईट' हे सरळ विधान कायमचं अवघड होऊन बसलं.

सगळ्याच जातींचा प्रभाव सारखा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. 'निसर्गातला प्रत्येक जीव तितकाच महत्त्वाचा' हे ऐकायला छान वाटतं, पण प्रत्यक्षात काही जाती गेल्या तर फारसं काही हलत नाही आणि काही गेल्या तर सगळा डोलारा खाली येतो. हे पहिल्यांदा नीट दाखवलं रॉबर्ट पेन यांनी. १९६३ पासून ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माका उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर एक साधंसं काम करत होते. ओहोटीच्या वेळी जायचं, खडकांना घट्ट चिकटलेले तारामासे पहारीने उचकटायचे आणि समुद्रात दूर भिरकावून द्यायचे. शेजारचा एक तुकडा तसाच ठेवायचा. तारामासे नसलेल्या तुकड्यावर पूर्वी १५ जाती होत्या, त्या काही काळात ८ वर आल्या. कारण तारामासा तिथल्या शिंपल्यांना खात होता. किनाऱ्यावरच्या खडकावर खरी टंचाई अन्नाची नसून जागेची असते, आणि जागा बळकावण्यात शिंपल्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांना खाणारा गेल्यावर त्यांनी बाकीच्यांना रेटून बाहेर काढलं. म्हणजे एका शिकाऱ्यामुळे कितीतरी जीव तिथे टिकून होते, आणि त्यातल्या बहुतेकांचा त्याच्याशी थेट संबंधही नव्हता. १९६९ मध्ये पेन यांनी अशा जातींना कीस्टोन, म्हणजे कळीच्या जाती, असं नाव दिलं.

यातला त्रासदायक भाग असा की कळीची जात बघून ओळखू येत नाही. ती संख्येने जास्त असेलच असं नाही, आकाराने मोठी असेलच असंही नाही. पेन यांना तारामासे काढून टाकल्यावरच कळलं. जंगलावर किंवा समुद्रावर असे प्रयोग फार थोड्या ठिकाणी करता येतात. बाकी सगळीकडे आपल्याला नुकसान झाल्यावर समजतं.

काही संबंध मात्र इतके घट्ट असतात की प्रयोगाची गरजच पडत नाही. वड, पिंपळ, उंबर ही फायकस या एकाच गटातली झाडं, आणि या गटात ७५० च्या आसपास जाती आहेत. उंबराचं फूल दिसत नाही ते यासाठी की आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुलं बंद असतात. एक चिमुकली गांधीलमाशी, नुसती मादी, फळाच्या टोकाच्या अरुंद छिद्रातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की घुसताना सहसा तिचे पंख तुटतात. बाहेर पडणं तिच्या नशिबी नसतं. सोबत आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे बिनपंखांचे नर आधी बाहेर येतात, माद्यांशी त्या अजून आपापल्या फुलात बंद असतानाच मीलन करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि तेही मरतात. बोगद्यातून नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या शोधात उडतात. प्रौढ गांधीलमाशीचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. म्हणून आसपास कुठलं ना कुठलं झाड योग्य अवस्थेत हवंच, आणि म्हणून रानात एकाच जातीची झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात. बाकी सगळी फळं संपलेल्या दिवसांत पक्षी, वटवाघळं आणि माकडं या झाडांवर निभावून नेतात. जगभरात बाराशेहून अधिक जातींचे पक्षी-प्राणी ही फळं खाताना नोंदले गेले आहेत. यातला एकही त्या माशीला ओळखत नाही.

घट्ट संबंधाचा धोका उघड आहे: एक गेला की दुसराही जातो. सैल संबंधात बदली कामगार मिळू शकतो, अशी आपली समजूत असते. ती नेहमी खरी ठरत नाही, आणि याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण दक्षिण आशियातल्या गिधाडांचं आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात ९९.९ टक्क्यांनी घटलं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की अख्खा थवा एकदम सापडायचा. हिशोब करणाऱ्यांना आढळलं की शंभरात एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी गिधाडं संपायला तेवढं पुरेसं होतं, कारण एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. कारण उलगडलं २००४ मध्ये, आणि गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

मग मृत जनावरं खायला कुणीच उरलं नाही का? उरले की. भटके कुत्रे आले, उंदीर आले. पण गिधाडांचा घोळका एक मोठं जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो आणि त्यांच्या जठरातलं आम्ल बहुतेक रोगजंतूंना मारून टाकतं. कुत्र्यांना ना तो वेग जमला, ना ती शुद्धी. शिवाय वाढत्या कुत्र्यांबरोबर रेबीजही आला आणि कुजणारे सांगाडे पाण्याच्या जवळ पडून राहिले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. कुरूप म्हणून ज्याच्याकडे कुणी धड पाहिलं नाही अशा पक्ष्याविषयीचा हा आकडा आहे.

मग विविधता जास्त असण्याचा फायदा नेमका काय? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथे डेव्हिड टिलमन आणि सहकारी गवताळ जमिनीच्या लहान-लहान वाफ्यांवर अभ्यास करत होते. काही वाफ्यांत वनस्पतींच्या जाती मोजक्या, काहींत भरपूर. १९८७-८८ मध्ये मोठा दुष्काळ पडला. जास्त जाती असलेल्या वाफ्यांचं उत्पादन कमी घटलं आणि ते लवकर सावरले. यात जादू नाही. कुणाची मुळं खोल जातात, कुणी कमी पाण्यात तग धरतं, कुणी पाऊस पडताच उसळी मारून येतं. चांगल्या वर्षी यातल्या निम्म्या जाती फालतू वाटतील. वाईट वर्षी कोणती उपयोगी पडणार ते आधी ठरवता येत नाही.

हे सगळं वाचून असं वाटू शकतं की हरवलेली जात परत आणून सोडली की झालं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट अशीच सांगितली जाते. १९२६ च्या सुमारास तिथले शेवटचे लांडगे मारले गेले, एल्क जातीची हरणं वाढली, त्यांनी ओढ्याकाठची वाळुंज खाऊन संपवली. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले आणि निसर्ग पुन्हा बहरला, असं म्हणतात. लांडगे रुजले हे खरं, एल्क कमी झाले हेही खरं. पण ओढ्याकाठच्या वाळुंजांवर वीस वर्षं चाललेल्या प्रयोगात चित्र वेगळं निघालं. लांडगे नसण्याच्या काळात वाळुंज संपली तेव्हा तिच्यावर जगणारे, तिच्या फांद्यांचे बांध घालणारे बीव्हरही गेले होते. बांध गेल्यावर ओढ्यांनी पात्र खोल कापलं आणि भूजल खाली गेलं. आता हरणांपासून वाचली तरी वाळुंजेच्या मुळांना पाणी लागत नाही, आणि उंच वाळुंज नाही म्हणून बीव्हर परत येत नाहीत. प्रयोगात ज्या तुकड्यांवर माणसांनी स्वतः बांध घालून पाणी वर आणलं आणि कुंपणही घातलं तिथेच ती उंच वाढली. लांडगा परत आणणं चूक होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण सत्तर वर्षांत बाकीचे संबंध गोठून थांबलेले नव्हते.

जिथे दुरुस्ती साधली तिथे काय केलं गेलं हे पाहायचं तर ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू या निळ्या फुलपाखराकडे जावं लागतं. ते दशकानुदशकं कमी होत होतं आणि सगळा संशय फुलपाखरं गोळा करणाऱ्या हौशी लोकांवर होता. त्यांना रोखायला कुंपण घातलं गेलं, तरी आतली फुलपाखरं संपली. अळीचं खाद्य असलेली रानटी थाइम ही वनस्पती तर भरपूर होती. मग अडत होतं कुठे?

१९७० च्या दशकात जेरेमी थॉमस या संशोधकाने शेवटच्या उरलेल्या ठिकाणी मुक्काम ठोकून अळ्यांचा माग काढला. अळी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे थाइमची फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. तिथे लाल मुंग्यांना ती आपलीच हरवलेली अळी वाटते, कारण तिचा वास तसा असतो आणि ती गोड थेंबही देते. मुंगी तिला उचलून वारुळात नेते. आत गेल्यावर ती जवळजवळ दहा महिने मुंग्यांच्याच अळ्या खाऊन जगते, आणि आयुष्यातलं जवळपास सगळं वजन तिथेच मिळवते. लाल मुंग्यांच्या अनेक जातींपैकी एकाच जातीच्या वारुळात ती नीट तगते, हे थॉमस यांचं मुख्य निरीक्षण होतं. त्या जातीला ऊबदार जमीन लागते, आणि जमीन ऊबदार राहते ती गवत अगदी आखूड असेल तरच. गवत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढलं तरी माती थंड होते आणि दुसऱ्या जातीची मुंगी तिथे हातपाय पसरते. गवत वाढण्याची कारणंही मिळाली. उतारांवर गुरं चारणं परवडेनासं झालं होतं, आणि १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोचलेल्या मिक्सोमॅटोसिस या विषाणूजन्य रोगाने ससे मरून गेले होते. कुंपणाने तर उरलीसुरली चरणारी जनावरंही बाहेर ठेवली होती. विषाणू, ससा, गवत, मातीचं तापमान, मुंगी, फुलपाखरू, असा हा क्रम.

हे उमगेपर्यंत उशीर झाला. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पण कारण हाती होतं. आधी जागा तयार केल्या, गुरं-घोडे चारून गवत उतरवलं, योग्य मुंगी पुरेशी झाली की नाही ते पाहिलं, आणि १९८३ पासून स्वीडनमधून फुलपाखरू आणून सोडलं. ते टिकलं आणि पसरलं. आज ते जिथे आहे त्या उतारांवर जनावरं कोणत्या महिन्यात आणि किती काळ चरायला सोडायची, हे त्या मुंगीला काय मानवतं त्यावरून ठरवतात.